अठ्ठेचाळीस चांदण्या

परत आल्यापासून नांदेडात जो भेटतो तो विचारतो, लंडन पाहिलं का, राजवाडा पाहिला का. दोन्ही पाहिलं. राजवाडा बाहेरूनच, गर्दीत उभं राहून, पायात गोळे येईपर्यंत. पण कुणी निवांत बसून ऐकणार असेल तर मी लंडनचं काही सांगत नाही. मी सफोकमधल्या दोन दिवसांचं सांगते. नकाशात इंग्लंडचं पोट उजवीकडे समुद्रात जिथे फुगलेलं दिसतं, तिथला हा भाग. आपल्याकडचं कुणी तिथे मुद्दाम फिरायला जात नाही. मी गेले ती एका जुन्या अमेरिकन झेंड्यामुळे.

रीडिंग

माझा मुलगा निखिल आणि सून ऋचा रीडिंगला राहतात. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. मी त्यांच्याकडे सहा महिन्यांसाठी गेले होते. निखिलचे बाबा गेल्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि मला कामावरून निवृत्त होऊन एक.

माझं काम म्हणजे झेंडे शिवणं. आपला तिरंगा. सव्वीस वर्षं मी नांदेडला तेच केलं. तीन पट्टे जोडायचे, चक्र दोन्ही बाजूंनी एकावर एक बरोबर यायला हवं, काठाला जाड कापडाचा नेफा, नेफ्यात दोरी. टाके किती दाट हवेत ते ठरलेलं. शिवण जरा सरकली की झेंडा परत टेबलावर. निवृत्त झाल्यावर मला झोप चांगली लागेल असं सगळे म्हणत होते. मला मात्र खिडकीशेजारचं ते टेबल आठवायचं, आणि समोर बसणाऱ्या बायकांच्या बोलण्याचा आवाज.

रीडिंगच्या घरात हाताला काम नव्हतं. सकाळी दोघं लॅपटॉप उघडून बसायची, भांडी मशीन घासायचं. म्हणून एक दिवस ऋचाचे लांब पडलेले पडदे घेऊन मी मागच्या अंगणात बसले आणि हातानंच दुमडायला लागले. कुंपणापलीकडून एक बाई बराच वेळ बघत होत्या. त्या मार्गारेटबाई. वय ऐंशीच्या घरात, एकट्या राहायच्या, बागेत माती उकरतानाही गळ्यात मोत्यांची माळ.

त्यांनी काहीतरी विचारलं. मला नीट कळलं नाही, म्हणून ऋचाला हाक मारली. ऋचानं माझ्या कामाबद्दल सांगितलं तसा त्यांचा चेहरा बदलला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला चहाला बोलावलं आणि कपाटातून एक पुठ्ठ्याची चपटी पेटी काढली. आत पातळ कागदात घडी केलेला अमेरिकेचा झेंडा होता. त्यांनी तो उलगडला नाही. कसर लागेल, फाटेल, अशी त्यांना भीती. एक कोपरा तेवढा मला दाखवला. लाल-पांढरे पट्टे, हातशिलाई, मागून पांढरं अस्तर.

त्यांनी जे सांगितलं ते ऋचा मला मराठीत सांगत गेली. मार्गारेटबाईंची आई ईडिथ ही सफोकमधल्या एका खेड्यातली. महायुद्धात त्या खेड्याबाहेर अमेरिकन विमानांचा तळ होता. तिथे रे नावाचा एक मेकॅनिक होता. युद्ध संपलं, तळ बंद झाला, तेव्हा खांबावरून उतरवलेला हा झेंडा रेनं ईडिथला दिला आणि म्हणाला, सांभाळून ठेव, मी न्यायला येईन. झेंडाही आणि तुलाही. तो आला नाही. मार्गारेटबाई त्यानंतर जन्मल्या. तीन महिन्यांची मुलगी घेऊन ईडिथ रीडिंगला आली आणि बिस्किटांच्या कारखान्यात कामाला लागली.

"आई त्यांच्याबद्दल कधी बोलली नाही," मार्गारेटबाई म्हणाल्या. "माझ्या लग्नाच्या दिवशी ही पेटी हातात दिली आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं. मी त्यांना पाहिलेलं नाही. फोटोही नाही. त्यांच्या हातचं एवढंच माझ्याकडे आहे."

त्यांना मूलबाळ नव्हतं. आता त्या तळाच्या जागी गावकऱ्यांनी छोटंसं संग्रहालय केलं होतं, आणि झेंडा तिथे द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. फक्त एवढ्या लांब गाडी चालवणं त्यांना आता झेपत नव्हतं.

"आपण नेऊ," ऋचा म्हणाली. मला न विचारताच म्हणाली, आणि मला ते आवडलं.

सफोककडे

मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही तिघी निघालो. निखिल ऑफिसच्या कामासाठी ग्लासगोला गेला होता. मी पहाटे उठून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी बरोबर घेतली. मार्गारेटबाई पुढच्या सीटवर पेटी मांडीवर घेऊन बसल्या. ऋचानं डिकीत ठेवू का म्हणून विचारलं, तर त्यांनी नुसती नाही म्हणून मान हलवली.

लंडनला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर दीड तास गेला. त्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही. पुढे हायवेच्या कडेला खाण्यापिण्याचा थांबा असतो, त्याला सर्व्हिसेस म्हणतात, तिथे थांबलो. आपल्या धाब्यासारखंच, पण बाज नाही आणि कुणी कुणाशी बोलत नाही. मार्गारेटबाईंनी दशमीचा तुकडा तोडून चटणीला लावला, डोळ्यांत पाणी आलं, नाक पुसलं आणि दुसरा तुकडा तोडला.

"ही रेसिपी मला लिहून द्या," त्या म्हणाल्या.

"लिहून देण्यासारखं त्यात काय आहे," मी म्हटलं. ऋचानं याचं इंग्रजी काय केलं कोण जाणे, पण मार्गारेटबाई बराच वेळ हसत होत्या.

सफोक लागलं आणि मी खिडकीला चिकटले. सगळं सपाट. डोंगर नाही, टेकडी नाही. लांबपर्यंत शेतं, मध्ये एखादं झाड आणि वर भलंमोठं आभाळ. सहा महिन्यांत पहिल्यांदा मला आपल्याकडच्यासारखं मोकळं वाटलं. परभणीकडे जाताना दिसतं तसंच. फक्त आपल्याकडे काळी माती आणि मे महिन्यात रखरखाट, इथे कोवळं हिरवं बीट उगवलेलं.

गाडीतल्या नकाशानं शेवटी दगा दिला. 'यू हॅव अराइव्ह्ड' म्हणून त्यानं आम्हाला एका डुकरांच्या शेतावर नेऊन सोडलं. तिथली डुकरं मोकळ्या रानात राहतात, प्रत्येकाला पत्र्याचं अर्धगोल घर. ऋचा गाडी वळवायला गेली आणि मागचं चाक चिखलात रुतलं. शेतकरी आला, आम्हा तिघींकडे एकदा नीट बघितलं, ट्रॅक्टर आणून गाडी ओढून काढली आणि कुठे जायचंय ते विचारलं. मार्गारेटबाईंनी गावाचं नाव सांगितलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. त्यांनी तशी विनंती केली आहे.

गाव

गाव म्हणजे एक रस्ता, एक पब, गारगोट्यांनी बांधलेलं चर्च आणि पन्नासेक घरं. मार्गारेटबाई याआधी तिथे एकदाच आल्या होत्या, लहानपणी, आजीच्या अंत्यविधीला. आईचं घर त्यांना आठवत नव्हतं. चर्चसमोर होतं एवढंच माहीत. चर्चसमोर तीन घरं होती. त्या तिन्हींपुढे आळीपाळीनं उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "कुठलंही असेल."

चर्चमध्ये आम्ही थोडा वेळ बसलो. आत भिंतीवर काठ्यांना जुने झेंडे लावलेले होते, कुठल्याशा पलटणींचे. इतके विरलेले की नुसती जाळी उरलेली, धागे लोंबत होते. मला ते बघवेना. आपल्याकडे झेंडा असा ठेवत नाहीत. फाटला, विटला की मानानं, एकांतात त्याचा निरोप घ्यायचा असतो. मी ऋचाला तसं म्हटलं. तिनं मार्गारेटबाईंना सांगितलं.

त्या म्हणाल्या, "इथे आम्ही त्यांना आपोआप संपू देतो. त्याला वेळ लागतो, तो देतो."

मला पटलं नाही. पण त्यानंतर मी त्या जाळ्यांकडे पुन्हा एकदा बघितलं.

रात्रीच्या मुक्कामाला आम्ही उतरलो होतो त्या घरची मालकीण बोलकी होती. मी मांस खात नाही म्हटल्यावर तिनं संध्याकाळच्या जेवणात मला चीज घातलेली मॅकरोनी दिली आणि काळजीनं तीनदा विचारलं की पोट भरलं का. लोणच्याच्या चमच्याशिवाय ते खाणं मला जड गेलं, पण त्या विचारण्यानं बरं वाटलं. मुक्कामाच्या ठिकाणी कुणी असं विचारलं की घर आठवतं, असं माझं त्या सहा महिन्यांत झालं होतं.

जेवणाआधी, चांगलं ऊन असतानाच, मार्गारेटबाई पेटी घेऊन आमच्या खोलीत आल्या. अस्तराची शिवण एका बाजूनं वीतभर सुटली होती. उद्या अकरा वाजता झेंडा द्यायचा, तो फाटका देणं बरं दिसत नाही. मी शिवून देईन का?

"देते की," मी म्हटलं.

"मी थांबले तर मला बघवणार नाही," त्या म्हणाल्या आणि खाली बागेत जाऊन बसल्या.

खिडकीपाशी

मी पलंगावर चादर अंथरली आणि झेंडा उलगडला. पाच फूट लांब असेल. सात लाल पट्टे, सहा पांढरे, कोपऱ्यात निळा चौकोन, त्यावर आठ-आठ चांदण्यांच्या सहा ओळी.

मला अमेरिकन झेंड्यातलं काही कळत नाही. पण शिवण कळते. पहिल्या नजरेतच मला दिसलं की लाल पट्टे दोन वेगळ्या कापडांचे आहेत. चार जाडसर, लोकरी. तीन सुती, पडद्याचं असावं तसं. पांढरे पट्टे चादरीचे. काठाचा नेफा गादीच्या कापडाचा, बारीक निळ्या रेघांचा. त्याला पितळी कड्या नव्हत्या, हातानं विणलेली दोन काजं होती. आणि निळ्या चौकोनावर उभ्या गडद रेघा होत्या, ठरावीक अंतरानं. कापड चुण्यांत राहिलं की आतला भाग उन्हाला लागत नाही, गडदच राहतो. ते निळं कापड आधी चुण्याचुण्यांचा झगा होतं.

मग चांदण्या. पाच टोकांची चांदणी शिवणं सोपं नाही. टोकं जमतात, पण आतल्या कोपऱ्यात कापड दुमडायला जागा नसते, तिथे धागे सुटतात. वरच्या दोन ओळींतल्या चांदण्या वाकड्या होत्या, एकीचं टोक तर कापलेलंच. तिसऱ्या ओळीपासून हात सुधारला होता. सहाव्या ओळीतल्या आमच्या टेबलावरही चालल्या असत्या. मला ती मुलगी दिसायला लागली. जोडणारी, उसवणारी, परत जोडणारी.

सुटलेल्या शिवणीतून मी अस्तराखाली हात घातला, मग वाकून बघितलं. अस्तर नंतरचं होतं, टेरिकॉटसारखं, धागाही वेगळा. मला राहवेना. कात्रीच्या टोकानं अजून हातभर उसवलं आणि अस्तर मागे केलं.

चांगल्या झेंड्याला दोन्ही बाजू असतात. वाऱ्यावर तो मागूनही दिसतो, म्हणून चांदणी पुढे आणि मागेही लावायची. तिनं मागेही लावायला घेतल्या होत्या. मी मोजल्या. एकतीस. पुढच्या सतरा जागी चांदणी नव्हती, समोरून घातलेल्या टाक्यांचे ठिपके तेवढे मागे उमटले होते, चांदणीच्या आकाराचे. एकतिसाव्या चांदणीचं एक टोक शिवायचं राहिलं होतं. दोरा तसाच लोंबत होता.

आणि त्या निळ्या कापडाच्या कडेला, शिवणीजवळ, एक बोटभर पांढरी फीत होती. त्यावर लाल धाग्यानं विणलेली अक्षरं. शाळेच्या गणवेशाला नावाची फीत लावतात तशी. इंग्रजी अक्षरं मला वाचता येतात. ई. प्रायर.

मी ऋचाला हाक मारली. ती मोबाईल बाजूला ठेवून आली, वाकली, फीत वाचली आणि पलंगाच्या कडेला टेकली.

"आई, प्रायर हे मार्गारेटचं माहेरचं नाव आहे."

"हो ना. मग ई म्हणजे ईडिथ."

"म्हणजे हा बेसवरचा झेंडाच नाही."

"तिच्या शाळेच्या झग्याचा आहे. तिनं शिवलाय. त्या माणसाचा हात याला लागलेला नाही."

आम्ही दोघींनी खिडकीतून खाली बघितलं. मार्गारेटबाई बाकावर पाठ ताठ ठेवून बसल्या होत्या.

"आई, प्लीज, सांगू नका," ऋचा म्हणाली. "त्यांच्याकडे वडिलांचं दुसरं काहीच नाहीये. लग्नापासून हे एवढंच धरून बसल्यात. उद्या देऊन टाकतील, पीसफुली घरी जातील. आणि सांगावं लागणार मला, तुम्हाला नाही. मी नाही सांगू शकणार."

तिचं बरोबर होतं. मी सुईत दोरा ओवला आणि अस्तर पुन्हा शिवायला घेतलं. ऋचा शेजारी बसून राहिली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "बाबा मस्कतला होते तेव्हा तुम्ही काय करायचात?"

लग्नानंतर दोन वर्षांनी निखिलचे बाबा मस्कतला गेले ते नऊ वर्षं तिथेच होते. दोन वर्षांतून एकदा यायचे. हे तिला माहीत होतं, पण असं कुणी मला कधी विचारलं नव्हतं.

"पहिल्या वर्षी मी त्यांच्यासाठी स्वेटर विणायला घेतला," मी म्हटलं.

"मस्कतला स्वेटर?"

"तेव्हा सासूबाईही हेच म्हणाल्या. पण रोज संध्याकाळी हातात काहीतरी त्यांचं लागायचं. छातीचं माप आठवून विणायचे. विसरले की उसवायचे. दोन वर्षांनी आले तेव्हा पोट सुटलं होतं. बसलाच नाही."

"मग?"

"उसवला. त्या लोकरीचे निखिलला दोन झाले."

ऋचा हसली आणि मग तिनं माझ्या खांद्याला डोकं टेकवलं. असं तिनं आधी कधी केलं नव्हतं. मी शिवण पूर्ण केली, दोरा दातानं तोडला आणि झेंडा होता तसा घडी करून पेटीत ठेवला.

टॉवर

विमानतळ म्हणून आता तिथे फारसं काही नाही. धावपट्टीचं काँक्रीट बरंचसं उखडून नेलेलं, उरलेल्यावर कोंबड्यांच्या लांब शेड. कंट्रोल टॉवर तेवढा उभा आहे, दोन मजली चौकोनी इमारत. त्यातच संग्रहालय. कॉलिन नावाचे गृहस्थ ते सांभाळतात. पूर्वी बसगाड्या दुरुस्त करायचे. त्यांनी आमच्यासाठी चहा आणि घरी केलेला केक तयार ठेवला होता, आणि स्वच्छ पांढरं कापड घातलेलं एक लांब टेबल.

त्यांच्याकडे तळावरचा एक झेंडा आधीपासून होता, काचेच्या कपाटात. तो त्यांनी आधी दाखवला. विरविरीत लोकरी कापड, सगळी मशिनची दुहेरी टीप, कडेला जाड कॅनव्हासची पट्टी, तिच्यावर मापाचा शिक्का, पितळी कड्या. कॉलिन सांगत होते, ऋचा मला सांगत होती. पट्टे तेरा, कारण सुरुवातीला एकत्र आलेल्या वसाहती तेरा. चांदणी मात्र प्रत्येक राज्याची एक, त्यामुळे राज्य वाढलं की झेंडा बदलायचा. युद्धाच्या वेळी अठ्ठेचाळीस होत्या, आता पन्नास. खूप पूर्वी चांदण्या कशा मांडायच्या याचा नियमच नव्हता, शिवणारा मांडेल तशा. आणि एक काळ असा होता की अमेरिकेच्या झेंड्यांना लागणारं लोकरी कापडही बऱ्याचदा इंग्लंडमधून, यॉर्कशरच्या गिरण्यांतून जायचं.

"ज्यांच्याशी भांडायचे त्यांच्याकडूनच कापड घ्यायचे," मार्गारेटबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्या खुशीत होत्या.

मग त्यांनी पेटी उघडली. कॉलिननी हातमोजे घालून झेंडा टेबलावर पसरला. पट्ट्यांवरून त्यांची नजर फिरली, नेफ्यावर थांबली, काजांवर थांबली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"सुंदर आहे," ते म्हणाले. "फार जपलाय तुम्ही."

ते चांगले गृहस्थ होते. त्यांना कळलं होतं आणि तेही बोलणार नव्हते.

पण मार्गारेटबाई कपाटातल्या झेंड्याकडे बघत होत्या. मग आपल्या झेंड्याकडे. मग कॉलिनकडे, ऋचाकडे. ऋचानं मान खाली घातली. शेवटी त्या माझ्याकडे वळल्या आणि हळूहळू, मला कळेल असं बोलल्या.

"सुलाबा, तुम्ही झेंडे शिवता. हा दुसऱ्यासारखा का नाही?"

त्यांना सुलभा म्हणता यायचं नाही.

मी ऋचाकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत 'नको' होतं. पण माझ्या समोर ऐंशी वर्षांची बाई उभी होती आणि तिनं माझ्या कामातला प्रश्न मला विचारला होता. मी पर्समधून छोटी कात्री काढली आणि विचारलं, "मे आय?"

त्यांनी मानेनं हो म्हटलं. मी झेंडा पालथा केला आणि आदल्या दिवशी घातलेले माझेच टाके उसवायला लागले. बाहेरून कोंबड्यांचा आवाज येत होता. अस्तर मागे करून मी त्या फितीवर बोट ठेवलं.

मार्गारेटबाईंनी वाचलं.

"स्कूल ड्रेस," मी म्हटलं. "युवर मदर. बेडशीट, कर्टन, ऑल युवर मदर. सॉरी."

मग मला इंग्रजी पुरेना. मी मराठीत बोलायला लागले आणि ऋचा सांगायला लागली. तिचा आवाज आधी अडखळला, मग नीट झाला. मी सांगितलं की पहिल्या चांदण्या वाकड्या आहेत, शेवटच्या सरळ, म्हणजे ती शिवता शिवता शिकली. पुढच्या अठ्ठेचाळीस झाल्या, मागच्या एकतीस, आणि तिथे हात थांबला. सांगितलं की अस्तर पुष्कळ वर्षांनी लावलंय, बहुतेक तुम्हाला देण्याआधी. आणि ती फीत काढायला दोन मिनिटंही लागली नसती. तिनं ती काढली नाही.

मार्गारेटबाईंनी खुर्ची मागितली. कॉलिननी दिली. त्या बसल्या, हातमोजे न घालताच मागच्या चांदण्यांवरून बोट फिरवायला लागल्या, ओळीनं. सतरा रिकाम्या जागा आल्या तेव्हा बोट त्या ठिपक्यांवरूनही फिरलं. कॉलिननी अडवलं नाही.

"मी बारा वर्षांची असल्यापासून तिच्यावर रागावलेय," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, तिनं त्यांना जाऊ दिलं. तिला काहीच वाटलं नाही. ती कधी रडली नाही, कधी नाव काढलं नाही. संध्याकाळी कामावरून यायची आणि बटाटे सोलायला बसायची."

ऋचा त्यांच्या खुर्चीशेजारी येऊन उभी राहिली.

"ती एकोणीस वर्षांची होती," त्या म्हणाल्या. "तो येईल तेव्हा खिडकीत लावायला केला असेल ना?"

प्रश्न मला होता. मी म्हटलं, माहीत नाही. कापडावरून तेवढं कळत नाही. पण पाठची बाजू माणूस तेव्हाच करतो, जेव्हा झेंडा बाहेर, वाऱ्यावर लावायचा असतो.

कॉलिननी विचारलं, आता झेंडा त्यांना परत न्यायचाय का. त्यात काही गैर नाही.

मार्गारेटबाईंनी डोळे पुसले. "तळावरचा झेंडा तुमच्याकडे आहेच," त्या म्हणाल्या. "हा तुम्हाला चालेल?"

"तळावरचे झेंडे बऱ्याच जणांकडे आहेत," कॉलिन म्हणाले. "असा मी पाहिलेला नाही."

मग त्यांनी लहानसा कागद आणि पेन आणलं. काचेपुढे ठेवायच्या पाटीवर काय लिहायचं? मार्गारेटबाईंनी एकेक शब्द तोलून सांगितला आणि कॉलिननी लिहिला. ईडिथ प्रायर, राहणार याच गावची. वय एकोणीस. स्वतःच्या झग्यातून आणि घरातल्या पडद्या-चादरींतून शिवला. अपुरा.

"आणि मागची बाजू दिसू दे," त्या म्हणाल्या. "दोन्ही बाजूंनी काच लावता येईल?"

कॉलिन म्हणाले, येईल.

परतताना

गाडीत मार्गारेटबाईंच्या मांडीवर आता काही नव्हतं. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. कधी पर्स धरायच्या, कधी सीटबेल्ट. बऱ्याच मैलांनंतर त्यांनी ऋचाकरवी मला विचारलं, एक चांदणी शिवायला किती वेळ लागतो.

"नवीन हाताला तासभर. पाच टोकं आहेत."

त्या मनात हिशेब करत असाव्यात. मग म्हणाल्या, "तिथे ती थांबली ती कदाचित मी आले म्हणून. लहान मूल असलं की तासभर मिळत नाही."

"शक्य आहे," मी म्हटलं.

"किंवा पत्र आलं असेल. किंवा यायचं थांबलं असेल."

"तेही शक्य आहे."

रीडिंग जवळ आलं तेव्हा पाच वाजले होते. त्यांनी ऋचाला एका वळणावर डावीकडे घ्यायला सांगितलं. ते आमच्या घराकडचं वळण नव्हतं. रस्ता एका दफनभूमीच्या फाटकाशी संपला. मोठी जुनी झाडं होती आणि गवत गुडघ्याला लागत होतं.

"मी अकरा वर्षांत आईकडे आले नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसा. मला फार वेळ लागणार नाही."

आम्ही काचा खाली करून बसलो. त्या गवतातून वाट काढत लांब कोपऱ्यातल्या एका दगडापर्यंत गेल्या. दगड शोधायला त्यांना वेळ लागला नाही. काही वेळ उभ्या होत्या, मग दगडाला धरून सावकाश खाली बसल्या. त्या वयात असं खाली बसणं सोपं नसतं. ऋचा दार उघडून जायला निघाली, मी तिचा हात धरला.

त्यांचे हात हलताना दिसत होते. त्या बोलत होत्या. ऐकू काहीच येत नव्हतं आणि आलं असतं तरी मला कळलं नसतं. मला नांदेड आठवलं, निखिलचे बाबा आठवले, ज्यांना सांगायचं राहून गेलेलं माझ्याकडेही पुष्कळ आहे. ऋचानं गाडीचं इंजिन बंद केलं.

अर्ध्या तासानं मार्गारेटबाई परत आल्या. मोज्यांना गवताची बोंडं चिकटली होती आणि मोत्यांची माळ गळ्यात नव्हती. त्यांनी दार लावलं, पट्टा बांधला.

"माळ तिचीच होती," त्या म्हणाल्या. आणि मग ऋचाला, नेहमीच्या ताठ आवाजात, "चला, घरी."